हातात काठी, समोर एके-४७

पोलिसांच्या बदल्यांचा आदेश कधी वाचलाय? 'निःशस्त्र पोलीस निरीक्षक' पानोपानी भेटतात. दचकू नका. त्यांच्या कमरेला पिस्तूल असतं.

पोलीस ठाणं चालवणारी, गुन्ह्याचा तपास करणारी ती निःशस्त्र शाखा. मुख्यालयातली आणि राज्य राखीव दलाची ती सशस्त्र. वाटणी कामाची आहे. मग खरोखर रिकाम्या हातांनी उभं कोण राहतं?

नाकाबंदीवरचा साधा पोलीस.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे असेच उभे होते. साताऱ्याकडच्या केडंबे गावचे, पूर्वीचे लष्करी जवान. हातात काठी. समोर एके-४७ घेतलेला दहशतवादी कसाब. ओंबळेंनी बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. कसाब जिवंत सापडला, म्हणूनच त्याच्यावर खटला चालला आणि कटाचे धागे पाकिस्तानपर्यंत पोचले.

ओंबळेंना अशोकचक्र मिळालं. पुतळा झाला. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागातल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला शास्त्रज्ञांनी त्यांचं नाव दिलं. सगळं योग्यच. पण दरवर्षी भाषणांत 'नुसत्या काठीनिशी' हे शब्द अभिमानानं का उच्चारायचे? ती काठी ओंबळेंनी निवडलेली नव्हती.

त्यांच्या हातात तेवढीच दिली होती.

प्रत्येक पोलिसाला बंदूक द्या, असं कुणीच म्हणत नाही. लंडनमधले बहुतेक पोलीसही बंदुकीविना गस्त घालतात. जून २०१७ मध्ये लंडन ब्रिजवर हल्ला झाला, तेव्हा एक पोलीस नुसता दंडुका घेऊन तिघा हल्लेखोरांना भिडला. मात्र पहिल्या फोनपासून आठ मिनिटांत सशस्त्र पोलिसांनी तिघांनाही टिपलं होतं. तिथला पोलीस शस्त्राविना फिरतो, कारण मदत जवळ आहे हे त्याला ठाऊक असतं.

आपण २६/११ नंतर फोर्स वन हे कमांडो पथक उभारलं. चांगलं केलं. पण आडवाटेच्या नाक्यावर मध्यरात्री एकटा गाडी अडवणाऱ्याच्या मदतीला पथक किती मिनिटांत पोचतं? त्याच्या अंगावर गोळी अडवणारं जाकीट असतं का? त्यानं शेवटचा गोळीबाराचा सराव कधी केला?

येत्या २६ नोव्हेंबरला हार घालायला जाणाऱ्या प्रत्येक मंत्र्यानं आपल्या जिल्ह्यापुरती या तीन प्रश्नांची उत्तरं सोबत आणावीत आणि तिथंच, पुतळ्यासमोर, मोठ्यानं वाचून दाखवावीत.