सर्व्हर नवा, माणसं जुनीच

स्वतःचा चॅट सर्व्हर उभारणाऱ्या हौशी मंडळींना माझा एकच प्रश्न असतो: बोलणार कोणाशी? मॅट्रिक्स आणि एक्सएमपीपी या खुल्या चॅट पद्धतींचे सिनॅप्स, प्रॉसडी असे सर्व्हर जुन्या संगणकावर चढवणं आता फारसं अवघड नाही. ते जमलं की लगेच फर्मान सुटतं, "सगळ्यांनी इकडे या, व्हॉट्सॲप सोडा." चार जण येतात. बाकीचे येत नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही. हर्णैच्या लिलावातला भाव, आंब्यावरच्या तुडतुड्यांची फवारणी, गावातल्या मयताची खबर, दापोलीत हे सगळं ज्या गटांवर येतं ते सोडून माणूस जाईल कुठे?

सर्व्हर नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात वीज आणि मोबाइल कित्येक दिवस बंद होते. नीट मांडणी केलेला सर्व्हर कॉलेजात किंवा सोसायटीत इन्व्हर्टरवर चालत असेल, तर बाहेरची जोडणी तुटली तरी आवारातल्या वायफायवर निरोप फिरत राहतात. सर्व्हर हवाच. पण वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ-धोपावे फेरीबोट आहे म्हणून गुहागरवाल्याला दापोलीत घर करावं लागत नाही. चॅटलाही तशीच सोय हवी, आणि ती आहे. तिला ब्रिज म्हणतात.

मॅट्रिक्सवरचा व्हॉट्सॲप ब्रिज असा चालतो. सर्व्हरवरच्या बॉटला निरोप द्यायचा, तो क्यूआर कोड देतो, तो फोनने स्कॅन करायचा. व्हॉट्सॲपच्या लेखी ते जोडलेलं आणखी एक उपकरण. अशी चार चालतात, आणि मुख्य फोन चौदा दिवस वापरला नाही की ती सुटतात. मग इकडे लिहिलेलं तिकडच्या गटात तुमच्याच नावाने उमटतं. कंपनीच्या अटींत हे बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. ते लोकांना आधी सांगा.

असाच ब्रिज आयआरसी या चॅट-जाळ्याशीही जोडता येतो. ते व्हॉट्सॲपहून कितीतरी जुनं. यार्को ओइकारिनेनने १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात ते बांधलं, आणि मुक्त सॉफ्टवेअरची बरीच मंडळी आजही तिथे भेटतात. त्याच्या एका ओळीला मर्यादा ५१२ बाइटची. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. नुसता 'क्ष' नऊ बाइटचा. ओळीतला काही भाग पत्त्यातच जातो, म्हणून मोठा मराठी निरोप साधारण दीडशे चिन्हांच्या आतच तुटतो आणि दोन-तीन तुकड्यांत पोचतो. पाठवलेली ओळ दुरुस्त करण्याची सोयही तिथे नाही. आंब्याच्या पेटीचा भाव चुकीचा टाकून मागाहून बदललात, तर आयआरसीवर पहिला आकडा तसाच राहतो आणि दुरुस्ती खाली वेगळी येते. ब्रिजवरून आकडे पाठवायचे तर आधी दोनदा वाचा.

याहून गंभीर बाब गुप्ततेची. व्हॉट्सॲपचा निरोप ब्रिजवर उलगडतो आणि मग पुढे जातो. म्हणजे ब्रिज ज्याच्या ताब्यात, त्याला तो वाचता येतो. त्या माणसाचं नाव गटात जाहीर असलं पाहिजे, आणि ब्रिज लावण्याआधी गटाला विचारलं पाहिजे. पलीकडच्या लोकांना न सांगता लावलेला ब्रिज ही फसवणूक आहे.

आणि एवढं सांभाळूनही ब्रिज टिकेलच असं नाही. जॅबर, म्हणजे एक्सएमपीपीचं मूळ रूप, १९९९ मध्ये पुढे आला तो याहू, आयसीक्यू या चॅट सेवांशी जोडून घेतच. याहू मेसेंजर २०१८ मध्ये बंद झाला, आयसीक्यू २०२४ मध्ये. गूगल टॉकने २००६ मध्ये इतरांच्या सर्व्हरना दार उघडलं, २०१३ मध्ये हँगआउट्स आणताना तिकडे पाठ फिरवली. लिबेरा या आयआरसी जाळ्याचा मॅट्रिक्सशी असलेला मोठा ब्रिज २०२३ मध्ये बंद झाला. चांगुलपणावर चाललेली जोडणी समोरच्याचं मन असेतोवरच चालते.

फोनचं तसं नाही. दापोलीतला बीएसएनएलचा लँडलाइन जिओच्या मोबाइलला लागतो, कारण एकमेकांना जोडून घेणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. २०१६ मध्ये जिओला पुरेशा जोडण्या दिल्या नाहीत म्हणून दूरसंचार नियामक ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून ३,०५० कोटी रुपये दंडाची शिफारस केली होती. कॉलसाठी एवढी कडक भूमिका, आणि त्याच फोनवरच्या चॅटसाठी काहीच नाही. युरोपीय संघाने डिजिटल मार्केट्स ॲक्टखाली, मागणी करणाऱ्या दुसऱ्या चॅट सेवेला जोडून घेण्याचं बंधन व्हॉट्सॲपवर मार्च २०२४ पासून घातलं. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये ट्रायने अशा ॲपना नियमांत आणण्याची ही वेळ नव्हे असं ठरवलं. तो निर्णय चुकीचा होता. ट्राय पुन्हा सूचना मागवील, तेव्हा आपल्या संस्थेच्या लेटरहेडवर एवढंच लिहून पाठवा: फोनला जो नियम, तोच चॅटला लावा.