चुन्याचं उद्घाटन कोण करणार?

मार्च सरला की नगरच्या वरच्या मजल्यांवर रात्री बाराला सगळे जागे असतात आणि छताकडे बघत असतात. सावेडीतले आमचे एक भाऊसाहेब त्यातलेच. त्यांच्या वडिलांनी पाथर्डी तालुक्यातलं माळवदाचं घर पाडलं, यांनी गुंठाभर प्लॉटवर स्लॅब घातला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि आपण आडवे झालो की थोडं थोडं परत करतो. असा नेमानं परतफेड करणारा कर्जदार जिल्ह्यातल्या पतसंस्थांना शोधून सापडायचा नाही.

माळवदाचं कौतुक फार करू नये. तुळया, फळ्या आणि वर फूटभर पांढरीची माती. दर मृगाआधी नवी माती टाकली नाही तर घरात पातेली मांडावी लागत. पण तेवढी माती मे महिन्याचं ऊन वरच अडवायची आणि डिसेंबरात, राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत नगरचं नाव छापून येतं तेव्हा, आतली ऊब आत ठेवायची. निजामशाहीनं तर 16व्या शतकात फराहबाग महाल तळ्याच्या मधोमध बांधला. तेव्हा ना वीज होती, ना पाच ताऱ्यांचा एसी. गारव्याची सोय बांधतानाच करावी लागे. नंतर भिंतीला अडकवता येत नसे.

भाऊसाहेबांनी मात्र रीतसर तुलना केली. गच्चीला चुना आणि फेविकॉलचे दोन हात: खर्च काही हजारांच्या आत, खोली दोन-तीन अंशांनी उतरते. नामंजूर. का, तर पाहुण्यांना गच्चीवर नेऊन दाखवणार काय? शिवाय आपल्याकडे चुना दुसऱ्याला लावायची पद्धत आहे. शेतातली हिरवी शेडनेट गच्चीवर ताणायची? ‘मी काय ढोबळी मिरची आहे?’ कूलर? आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो, वीजही साधारण 200 वॉट खातो. पण मुलीला बघायला मंडळी येणार, आणि कोपऱ्यात वाळ्याची ताटी ठिबकतेय म्हणजे स्थळ कसं वाटेल?

पंख्याचं गणित मी स्वतः मांडून दिलं. जुना पंखा 75 वॉटचा, नवा बीएलडीसी 30 चा. बारा तास चालला तर रोज अर्ध्या युनिटाहून जरा जास्त वाचतं. भाऊसाहेबांनी ‘अर्धं?’ असं म्हटलं, ते चहात अर्धीच साखर घातल्यासारखं. मग दीड टनाचा एसी आला. रात्रभरात दहाएक युनिटं, म्हणजे पंख्याची अठरा दिवसांची बचत सकाळच्या दूधवाल्याआधी संपली.

सरकार या बाबतीत झोपलंय असं कोणी म्हणू नये. तारांकित एसीनं सुरू होताना 24 अंशांवरच सुरू व्हावं, असा नियम 2020 पासून आहे. त्यापुढे रिमोट आपल्या हातात, आणि भाऊसाहेबांच्या घरी तो 18 वर जाऊन विसावतो. 2018 ची इको निवास संहिता तर थेट छतापर्यंत चढली. छताच्या दर चौरस मीटरमधून, दर अंशाच्या फरकाला 1.2 वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये, असं ती सांगते. उघडा स्लॅब याच्या दुपटीहून अधिक आत सोडतो. मात्र संहिता 500 चौरस मीटरच्या पुढच्या प्लॉटची विचारपूस करते. म्हणजे पाच गुंठ्यांच्या आतल्या माणसाला मोकळेपणानं भाजून घेण्याची मुभा आहे.

पुढे पीएम सूर्यघर योजना आली, 2024 साली. तीन किलोवॉटच्या सोलरला 78,000 रुपये अनुदान. योजना चांगली आहे, वाद नाही. पण वीज तयार करायला अनुदान मिळतं. ती लागूच नये म्हणून गच्ची पांढरी करणाऱ्याला चुन्याची एक गोणीसुद्धा मिळत नाही. मिळणार तरी कशी? पॅनलसमोर फीत कापता येते, फलक लागतो, त्यावर सहा जणांचे फोटो बसतात. चुन्याच्या उद्घाटनाला कोण येईल? आणि आलंच कोणी, तर पांढऱ्याशुभ्र गच्चीवर पांढरेशुभ्र कपडे घातलेले साहेब फोटोत उठून कसे दिसतील?

भाऊसाहेबांनी पॅनल बसवले. अनुदान खात्यात आलं, बिल उतरलं, पेढे वाटले. आणि एक नवल झालं: पॅनलच्या सावलीत आलेल्या स्लॅबखालची मागची खोली बरीच निवली. आई आता दुपारची तिथंच पडते, पंख्यावर. ती म्हणाली, ‘अरे, सावलीच पाहिजे होती तर मांडव घालायचा ना!’

भाऊसाहेबांना ते ऐकू गेलं नसावं. ते फोनवर होते. वीज आता घरचीच असल्यामुळे आईच्या खोलीलाही एसी घ्यायचा ठरला आहे.