एक वेढा कमी पडला

रविवारी सकाळी सहा चाळीसला बेल वाजली की दार उघडायच्या आधीच कोण आलंय ते आम्हाला कळतं. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो, पेपरवाला पेपर दारावर आपटतो, आणि इतक्या लवकर येणारे नातेवाईक निदान आदल्या दिवशी धमकी देतात. मी दार उघडतो. काका एकदम आत येत नाहीत. आधी त्यांचा कान आत येतो.

"तुझ्या मोरीत बोलतंय."

"कोण?"

"रात्री पावणेदोनपासून ऐकतोय मी वरून. सेकंदाला एक थेंब. म्हणजे दिवसाला ८६,४००." एवढं सांगेपर्यंत चपला काढून झालेल्या असतात आणि शर्टाच्या खिशातून ते पांढरं रीळ बाहेर आलेलं असतं. इतर लोक ज्या खिशात पेन ठेवतात, साईबाबांचा फोटो ठेवतात, तिथे हे टेफ्लॉन टेप ठेवतात. लग्नाला जाताना सफारीच्या खिशात वेगळं रीळ असतं. ते जरा नवं असतं, इतकंच.

तुमच्या सोसायटीतही असे एक काका आहेत. उगाच नाही म्हणू नका. तुमचे कदाचित फ्यूज बघत असतील, नाहीतर पार्किंग. आमचे जॉइंट बघतात. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी खात्यात फायलींना लाल फीत गुंडाळली. निवृत्तीनंतर फितीचा रंग तेवढा पांढरा झाला, कामाचा वेग तोच राहिला.

पाण्याच्या बाबतीत काका भाषेचे फार काटेकोर. 'नळ गळतोय' असं कोणी सरसकट म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी. "पाझरतं ते दगडातून. झिरपतं ते भिंतीतून. ठिबकतं ते तोटीतून, म्हणजे वायसर गेला. गळतं ते फक्त जॉइंटमधून. आणि सांडतं ते माणसाच्या गलथानपणामुळे." आमच्या हिने एकदा फ्रीजमधून पाणी 'येतंय' म्हटलं, तर काकांनी तिच्याकडून योग्य क्रियापद येईपर्यंत पान्याला हात लावला नाही.

निदान मात्र कायम एकच. मोरीत वाकायचं, जॉइंटवर बोट फिरवायचं, बोट ट्यूबलाइटपुढे धरायचं आणि एक सुस्कारा सोडून म्हणायचं, "एक वेढा कमी पडला."

आधीचे वेढेही काकांनीच घातलेले असतात, हे आम्ही सुरुवातीला बोलून दाखवायचो.

हे वाक्य हळूहळू मोरीबाहेर आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं: एक वेढा कमी पडला. १९ नोव्हेंबर २०२३ला अहमदाबादला आपण विश्वचषकाची फायनल हरलो: साखळीतले सगळे सामने जिंकले, सेमीफायनल जिंकली, शेवटचा एक वेढा कमी पडला. हिची पुरणपोळी तव्यावर फुटली तेव्हाही ते म्हणाले. मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण माणूस बोलून गेला. त्यानंतर दोन रविवार चहा मिळाला नाही, आणि त्याचंही कारण त्यांना तेच वाटलं.

वेढ्यांचं शास्त्र ते इतकं मन लावून सांगतात की पहिल्या वेळी खरोखर ऐकावंसं वाटतं. पाइपाचं तोंड आपल्याकडे धरायचं, पहिला आटा मोकळा सोडायचा, आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने टेप ताणून गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर पिळताना ती सुटून गोळा होते. टेप चिकटत नाही, ती घसरते. तिच्यामुळे आटे एकमेकांत आणखी खोल जातात आणि उरलेली फट ती भरून काढते. अर्ध्या इंचीला तीन-चार वेढे पुष्कळ झाले. हे सगळं बरोबर सांगून काका स्वतः अकरा घालतात.

आणि हा अर्धा इंच! काका खिशातून पट्टी काढून अनोळखी माणसालाही दाखवतात की अर्ध्या इंची पाइपात अर्धा इंच कुठेच नाही. बाहेरचा व्यास २१ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाच्याही वर, आणि आतला अर्ध्याहून जास्त. एका हळदीकुंकवाला त्यांनी बेसिनखाली बसून पाच बायकांना हे मोजून दाखवलं. वाण म्हणून त्या वर्षी काकूंनी काय लुटलं ते कोणालाही आठवत नाही, पाइपाचा व्यास अजून पाठ आहे. इंचाला १४ आटे, आट्याचा कोन ५५ अंश. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजाने १८४१मध्ये आट्यांची मापं बांधून दिली, त्याच घराण्यातले हे आटे. "इंग्रज गेले," काका म्हणतात, "आटे राहिले."

पण खरं दैवत वेगळंच. ६ एप्रिल १९३८ला अमेरिकेत, न्यू जर्सीत, रॉय प्लंकेट नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने गॅसच्या नळकांड्याची चावी उघडली आणि आतून काहीच येईना. नळकांडं वजनाला मात्र भरलेलं. इथे काका थांबतात आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. प्लंकेटने ते करवतीने कापलं, तर आत पांढरी, मेणचट, गुळगुळीत भुकटी. तेच टेफ्लॉन. "गॅस गळाला असता," काका आवाज खाली आणतात, "तर आज जगात टेप नसती. त्या माणसाचा जॉइंट चांगला होता!"

२०१९ला नेमका ६ एप्रिललाच गुढीपाडवा आला. काकांना हा योग वाटला. त्यांनी गुढीचा खण, कडुलिंब, गाठी आणि तांब्या हे सगळं सुतळीऐवजी टेफ्लॉन टेपने बांधलं. वेढे अकरा. जगातल्या सर्वांत न चिकटणाऱ्या वस्तूने बांधलेली ती गुढी साडेनऊपर्यंत टिकली. मग तांब्या घसरला तो थेट खाली आमच्या खिडकीच्या ग्रिलवर, पाठोपाठ गाठी, आणि शेवटी जरीचा खण सावकाश तरंगत. वरून आवाज आला. काय आला ते सांगत नाही.

आता त्यांच्या जॉइंटचं पुढे काय होतं ते सांगतो. हे काकांना माहीत नाही, आणि बिल्डिंगमधल्या सोळाच्या सोळा घरांनी ते माहीत होऊ दिलेलं नाही.

आमचा खरा प्लंबर ओडिशातला, केंद्रापाडा जिल्ह्यातल्या पट्टामुंडईकडचा. त्या भागातून देशभर प्लंबर गेले आहेत, त्यातला एक डोंबिवलीला आला आणि आमच्यामुळे सुखी झाला. काका संध्याकाळी साडेपाचला फिरायला गेले की तो पावणेसहाला येतो. पहिला प्रश्न ठरलेला: "काका ने हाथ लगाया है?" लावला असेल तर दीडशे रुपये जास्त. कारण आधी अकरा वेढे सोलावे लागतात. अकरा वेढ्यांवर पान्याने जोर केला की प्लास्टिकचं सॉकेट तडकतं. आमच्या वॉशिंग मशीनचं तसंच तडकलं होतं, त्यामुळे टेप तीन रुपयांची आणि खर्च नऊशेचा. शिवाय काका जिथे रबरी वायसरवर पाणी अडतं त्या कनेक्शन पाइपाच्या नटलाही टेप लावतात. तिथे तिचा काडीचा उपयोग नसतो. "काका को अच्छा लगता है," प्लंबर समजूतदारपणे म्हणतो आणि जुनी टेप काढून, पुन्हा वरवर एक वेढा काकांसाठी लावून जातो.

त्या प्लंबरचा नंबर काकूंच्या फोनमध्ये 'साडी फॉल पिको' या नावाने आहे. स्वतःच्या घरात काकूंनी काकांना नळबंदी केलेली आहे. मोरीच्या दारात उभ्या राहून त्यांनी एकदाच सांगितलं होतं, "जगाचे जॉइंट करा. माझ्या घरात पाना उचललात तर मी माहेरी." माहेर टिटवाळ्याला, लोकलने पंचवीस मिनिटं; पण काकांनी धसका घेतला तो घेतलाच.

मीरा रोडचे लेखक-व्यंगचित्रकार आबिद सुरती २००७पासून दर रविवारी एका प्लंबरला घेऊन दारोदार फिरायचे आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. ही बातमी मी काकांना मोठ्या आशेने वाचून दाखवली. त्यांनी चष्मा पुसला. "माणूस थोर आहे," म्हणाले. "पण प्लंबर कशाला बरोबर?"

क्रीम रंगाचे सीपीव्हीसी पाइप आले तेव्हा काका आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. त्यात आटेच नाहीत. टोकाला सोल्यूशन लावायचं, फिटिंगमध्ये घालून पाव फेरा फिरवायचा, अर्धा मिनिट दाबून धरायचं. दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळून एकजीव होतं. पुढे काही बदलायचं झालं तर सरळ कापायचं. "आट्यांचा जॉइंट म्हणजे संसार," काका म्हणाले. "कुरकुरतो, पण उघडून पुन्हा बसवता येतो. हे नुसतं विलीनीकरण." मग खाली वाकून त्यांनी त्या एकजीव झालेल्या जॉइंटवर, बाहेरून, टेप गुंडाळली.

इतकं सगळं लिहून झालं, तरी एका रात्रीबद्दल लिहायचं मी टाळतोय.

बाबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. रात्री दीडच्या सुमाराला मोरीत आवाज झाला आणि एल्बोजवळचा गंजलेला निपल फुटून पाण्याची धार समोरच्या भिंतीवर बसली. जुनी १९७८ची बिल्डिंग, सगळे जीआय पाइप, आणि गच्चीवरचा गेट व्हॉल्व्ह जाम. प्लंबरचा फोन बंद. बाबांची खाट मोरीच्या दारापासून चार पावलांवर. मी बादल्या लावत होतो, ही उंबऱ्यावर चादरी अंथरत होती, तेवढ्यात दारात काका. बेल न वाजवता. बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, हातात सायकलची फाटकी ट्यूब.

त्यांनी ट्यूब ताणून निपलवर बांधली. धार कमी झाली, थांबली नाही. मग मोरीतल्या पाटावर बसून त्यांनी तळहाताने ती दाबून धरली. टाकी रिकामी होईपर्यंत दुसरा उपाय नव्हता. मी दोनदा म्हटलं, द्या, मी धरतो. "तुला दाब कळायचा नाही," म्हणाले. अडीचच्या सुमाराला बाबांनी विचारलं, "मोरीत कोण आहे रे?" काका आहेत म्हटलं. तीनला पुन्हा विचारलं. चारला म्हणाले, "अजून?" आणि झोपले. त्या आठवड्यातली ती त्यांची पहिली सलग झोप.

सहाला टाकी संपली. काकांनी निपल बदलला, टेप गुंडाळली, आटे बसवले आणि वर एम-सीलच्या दोन कांड्या कणकेसारख्या मळून असा काही गोळा थापला की एल्बोचा बटाटेवडा झाला. किती वेढे घातले, मी विचारलं. "मोजले नाहीत," म्हणाले. त्यांच्या हाताची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. मी चहा आणेपर्यंत ते वर निघूनही गेले होते.

त्या बटाटेवड्याला प्लंबरने कधी हात लावला नाही. पाना बसायला त्यावर जागाच नव्हती.

बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. सँपल फ्लॅट बघायला आम्ही एकत्र गेलो. काका टाइल्सवर बोटाने टिचक्या मारत हिंडत होते. "सर, सगळं कन्सील्ड आहे," टाय लावलेला मुलगा म्हणाला. मग गळलं तर? "गळणारच नाही सर." काकांनी त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि लग्न झालंय का, एवढंच विचारलं.

आम्ही डोंबिवलीतच भाड्याने राहिलो, काका-काकू बदलापूरला गेले. इमारत पाडायला घेतली तेव्हा काका बघायला आले. आमची मोरी अर्धी कापल्यासारखी उघडी पडली होती, निळ्या टाइल्स दुपारच्या उन्हात. खाली भंगारवाला पाइप तोलत होता. आमच्या एल्बोवर त्याच्या पोराने हातोडा घातला, तर पाइप दोन्हीकडून वीत-वीत अंतरावर मोडला आणि मधला बटाटेवडा तसाच. "ये वजन में नहीं पकडेगा," भंगारवाला म्हणाला, "इसमें लोहा कम, मसाला ज्यादा है." काकांनी वीस रुपये देऊन तो विकत घेतला.

पिशवी जड म्हणून मी त्यांना बदलापूरपर्यंत सोडायला निघालो. गाडीत बसायला मिळालं. अंबरनाथ गेल्यावर समोरच्या बाईंनी पाय वर घेतले. "काका, तुमची पिशवी गळतेय."

काका ताठ झाले. पिशवीतून त्यांनी तो ऐवज काढला, एल्बोवर बोट फिरवलं आणि बोट बाईंच्या पुढे धरलं. कोरडं होतं. मोडक्या पाइपाच्या तोंडातून मात्र गंजाचं लालसर पाणी टिपकत होतं.

"हे बघा, जॉइंट. एक थेंब नाही," काका म्हणाले. "हे तोंडातून येतंय. याला सांडणं म्हणतात."

"तेच ते हो," बाई म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. मी पाइपाचं तोंड त्यांच्याकडे करून एल्बो घट्ट धरला.