नामचेच्या वर रोकडा व्यवहार

एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेला आपला माणूस बुटांवर महिनाभर खल करतो. पैशांचं विचारलं की म्हणतो, ‘नेपाळ तर आपलंच!’ आणि पाचशेच्या नोटा पाकिटात कोंबतो. 2018 च्या डिसेंबरात नेपाळने शंभरावरच्या भारतीय नोटा बंद केल्या होत्या, हे त्याच्या गावीही नसतं. दर 1993 पासून ठरलेला: आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ. तरी काठमांडूत हा घासाघीस करणारच! पुढे गोरक्षेपला, पाच हजार मीटरवर, गरम पाण्याचे वेगळे पैसे, मोबाइल चार्जिंगचे वेगळे. लॉजवाली दीदी हात पुढे करून उभी. साहेब यूपीआयसाठी रेंज शोधताहेत. एटीएम खाली नामचेत, तेही चालू असलं तर. नेपाळी नोटा काठमांडूतच घ्या, सुट्ट्यांसकट.