ताशी साडेतीन किलोमीटरचा वारा

भाच्याने गाडीचा ‘सुसाट’ फोटो काढायचं ठरवलं, तेव्हा मला वाटलं, आता एक्स्प्रेसवे. पोचलो सोसायटीच्या मागच्या गल्लीत. काचवाले तावदानं उचलतात ते व्हॅक्यूम कप बॉनेटवर चिकटवले, त्यांत अ‍ॅल्युमिनियमचा दहा फुटी पाइप अडकवला, टोकाला कॅमेरा. ताईची कपडे वाळत घालायची दोरी ‘सेफ्टी’ म्हणून गुंडाळली.

इंजिन बंद! चालू केलं की पाइप थरथरतो आणि गाडीच धूसर येते. म्हणून लेन्सवर काळी काच (एनडी फिल्टर म्हणायचं, नाहीतर भाचा रागावतो), शटर दोन सेकंद उघडं, आणि मागून ढकलायला मामा. दोन सेकंदांत गाडी सरकली दोन मीटर, म्हणजे चाकाचा साधारण एक फेरा. पण कॅमेरा गाडीलाच बांधलेला, त्यामुळे गाडी लख्ख आणि रस्ता, कुंपण, वॉचमनची खुर्ची, सगळ्यांच्या नुसत्या रेघा. जाहिरातींतल्या कितीतरी भरधाव गाड्या अशाच कुणाच्या तरी कमरेच्या जोरावर धावतात म्हणे. अश्वशक्तीचा आकडा मात्र खाली इंजिनाचाच छापतात.

रात्री फोटोशॉपमध्ये पाइप पुसला, दोरी पुसली. मला पुसायची वेळच आली नाही; मी पहिल्यापासून चौकटीबाहेर.

फोटो पाहून भावोजी उखडले. “अरे, गल्लीत एवढ्या जोरात? पोरंबाळं खेळतात तिथे!”

भाच्याने खाली मान घालून कबुली दिली. मी बाम शोधत होतो.