हिरव्या चौकोनाची थोरवी

संगणकाचा कारभार धड चालला आहे की नाही, हे मोजायची सर्वांत निर्धोक रीत म्हणजे ज्याचा कारभार त्यानेच मोजणे. या रीतीचे गुण गावेत तेवढे थोडे. समितीची बैठक दर तिमाहीला झाली का? झाली. धोरण मंजूर आहे का? आहे. प्रशिक्षण? हजेरीपत्रक सोबत जोडले आहे. ‘कोबिट’ नावाची जगन्मान्य चौकट संस्थेची क्षमता 0 ते 5 अशा पातळ्यांवर जोखते. आपल्याकडे वरची पातळी गाठायला कागद लागतो, आणि कागद कुठेच कमी पडत नाही.

सोलापूरचेच घ्या. इथे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड सुटते. पाणी ज्या उजनी धरणातून येते, ते शंभर किलोमीटरहून दूर. पाण्याच्या पाळीवर घरातल्या बाईची झोप, विड्या वळायचे तास, पाहुण्यांचे येणे-जाणे सगळे ठरते. समजा, अशा पाळीच्या दिवशी नळ कोरडा राहिला आणि विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एका बाईने मोबाइलवरून तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक आला, मुदतीचे घड्याळ सुरू झाले. मुदत संपायच्या आत कोणीतरी तक्रार ‘निकाली’ काढली. पडद्यावरचा पिवळा चौकोन हिरवा झाला. नळ कोरडाच. तिने पुन्हा तक्रार केली, तर ती नवी धरून तीही निकाली काढता येते. म्हणजे नळ जितका कोरडा, तितक्या तक्रारी जास्त, आणि तितके निवारणही जास्त. यापेक्षा कार्यक्षम मोजमाप कोणत्या शास्त्राने दिले आहे?

देशानेही हीच वाट धरली. स्मार्ट सिटी अभियान 25 जून 2015 रोजी सुरू झाले. जानेवारी 2016 मधल्या पहिल्या 20 शहरांत सोलापूर होते. 31 मार्च 2025 ला अभियान संपले, तेव्हा देशभरातले 8 हजारांहून अधिक प्रकल्प आणि सुमारे 1.64 लाख कोटी रुपये, असा हिशेब मांडला गेला. किती बांधले, किती खर्चले हे नेमके कळते. बांधलेली यंत्रणा कोणाच्या किती उपयोगी पडली, हे विचारले की बेरीज बिघडते. म्हणून न विचारणेच शहाणपणाचे.

ही रीत चोरांनाही पटलेली आहे. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून हल्लेखोरांनी सुमारे 94 कोटी रुपये नेले. बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. खात्यात पैसे आहेत का, हा प्रश्न बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचलाच नाही. मध्ये बसवलेली बनावट यंत्रणाच दर वेळी ‘आहेत’ म्हणत होती. विचारणाऱ्याला होकार मिळत राहिला, की काम झाले.

इथे मला सरळ बोलायचे आहे, कारण सोलापुरातल्या सहकारी बँका आणि पतसंस्थांत यंत्रमाग कामगारांची आणि विडी कामगार बायांची आयुष्यभराची ठेव आहे. संगणक बिघडला की त्यांचेच पैसे अडकतात. एमआयटीचे पीटर वाइल आणि जीन रॉस यांनी 2004 च्या आपल्या पुस्तकात 23 देशांतल्या अडीचशेहून अधिक संस्था तपासल्या. त्यांची एक कसोटी अगदी साधी होती: माहिती तंत्रज्ञानाचे निर्णय इथे कोण घेतो आणि त्याचा जाब कोण देतो, हे किती वरिष्ठ अधिकारी नीट सांगू शकतात? सरासरी निघाली 38 टक्के. जिथे हे प्रमाण जास्त, तिथे कारभारही चांगला.

इतकीच साधी कसोटी आपल्यालाही परवडते. कोणत्याही कार्यालयाने गेल्या महिन्यात निकाली काढलेल्या तक्रारींतून हाताला येतील त्या दहा उचलाव्यात. त्या विभागाबाहेरच्या माणसाने तक्रारदारांना फोन लावावा आणि एवढेच विचारावे: पाणी आले का? मिळालेले उत्तर हिरव्या चौकोनाच्या शेजारी लिहावे, आणि त्याच अहवालात, त्याच पानावर छापावे.