आत गाडी कोणाची?

नवी गाडी डाऊनलोड झाली की कोणीही आधी ती पळवून बघतो. रत्नागिरीच्या नाचणे गावातला आमचा फिजिक्सदादा आधी तिची फाईल उघडतो. 'असेटो कोर्सा' हा इटलीच्या कुनोस कंपनीचा २०१४ सालचा रेसिंग सिम्युलेटर. त्यात हौशी पोरं घरी बसून गाड्या बनवून टाकतात, त्यांना मॉड म्हणायचं. कोणीतरी मारुती ८०० बनवतो. डॅशबोर्डवर गणपती, मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद', बंपरला ओरखडा, सगळं जिथल्या तिथं. पोरं हरखतात. दादा टायरची फाईल बघतो, सस्पेन्शनची बघतो, वजन बघतो, चष्मा कपाळावर सरकवतो आणि म्हणतो, "पत्रा मारुतीचा आहे रे. आत अबार्थ आहे."

वैताग असा, की बहुतेक वेळा त्याचं बरोबर निघतं. अबार्थ ५०० गेममध्ये मुळातच आहे. तिचे आकडे उचलले की महिन्याभराचं काम एका रात्रीत उरकतं. मग ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची, १२ इंची चाकांवरची गरीब ८०० वळणाला अशी चिकटून जाते, की एसी बंद करून आंबा घाट चढलेल्या कुटुंबांना ती थट्टाच वाटावी.

चालवून बघायची वेळ येते ती यानंतर. लॉजिटेकचं स्टेअरिंग जेवणाच्या टेबलाला आवळलेलं असतं. रस्ता खराब लागला की ते थरथरतं, टेबल थरथरतं आणि लोणच्याची बरणी कडेकडेने निघते. "तुझी गाडी गेली खड्ड्यात, आधी बरणी उचल," असं आई स्वयंपाकघरातून म्हणते. यावर "खड्डा जाणवतोय, म्हणजे सस्पेन्शन बरं आहे" असा शेरा दादा वहीत लिहितो.

ताशी ८० वर कचकन ब्रेक मारून नाक किती खाली जातं ते बघायचं. मग भर वळणात ॲक्सिलरेटर सोडायचा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा भार अशा वेळी पुढे येतो, नाक आत वळतं आणि मागचा भाग हलका होऊन बाहेर जायला बघतो. तसं झालं नाही तर निकाल तिथेच लागतो. पण दादाचा खरा जीव टायर सुटण्यावर. डेल्फ्टच्या हान्स पासेयका या प्राध्यापकाने टायरच्या पकडीचं एक सूत्र बसवलं, त्याला लोक 'मॅजिक फॉर्म्युला' म्हणतात. चाकाचं तोंड एकीकडे आणि गाडी जातेय जराशी दुसरीकडे, यातला कोन वाढला की पकड वाढते, कळसाला पोचते आणि मग उतरते. सोडणारच, पण बेताबेताने. वाईट मॉडमध्ये ती एकदम हात सोडते. "पावसात भाट्याच्या पुलाजवळ गाडी घसरते ना, तीसुद्धा आधी सांगून घसरते!" दादा कळवळून म्हणतो.

एकदा शेजारचं पोरगं मोबाइल घेऊन आलं. 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया'वर आपल्या लालपरीची मॉड हौसेने चालवली जातात, त्यातलंच एक. "दादा, पाटी बघ, रत्नागिरी-देवरूख!"

"पाटी झकास. पाटे कुठायत?"

पोरगं गोंधळलं. मग पाऊण तास कमानपाट्यांवर व्याख्यान झालं: रिकामी एसटी खड्ड्यात उडते, भरलेली डुलते, आणि ही दोन्ही वेळा सारखीच जाते. पोराने मुकाट्याने कॅरम काढला. माझं मत विचाराल तर पोराचंही चुकलं नाही. त्याला हॉर्न हवा होता, आणि हॉर्न अस्सल होता.

"मग तूच का नाही बनवत?" असं मात्र दादाला विचारू नये, कारण तो बनवतोय. वडिलांची ओम्नी. इंजिन पुढच्या सीटखाली, माणसंही पुढे आणि ढकलायचं काम मागच्या चाकांचं. त्यामुळे पावसात रिकामी गाडी चिखलाच्या चढावर चाकं नुसती फिरवते. आंब्याच्या पेट्या टाकल्या की ढुंगण टेकवते आणि निमूट चढते. हे दोन्ही त्याला जसंच्या तसं हवंय. असेटो कोर्सात गाडीचं वजन चालकासकट आणि पेट्रोल वगळून लिहायचं असतं, म्हणून त्याने वडिलांना पेट्या तोलायच्या काट्यावर उभं केलं. ते चपला घालून चढले, तेव्हा चपलांचं वजन वजा करायचं की नाही यावर आठवडा गेला. गाडी चालवताना ते चपला घालतात की काढून ठेवतात, हे घरात कोणालाच नक्की आठवेना.

गेल्या गणपतीत आरतीला भेटला. झांजा खाली ठेवत म्हणाला, "झालीच समज. फक्त आमच्या गाडीला नंतर गॅसची टाकी बसवली होती, ती मागे धरली की वजन परत सगळं हलतं."